पिठीला दुपारी कोण खेळवायचं

मी या सदराचा जुना वाचक आहे, पण खरं सांगायचं तर वाचायचो ते खोड काढायला. जेवण झालं की तुमचे भुताखेतांचे अनुभव प्रज्ञाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि शेवटी प्रत्येकाचं कारण सांगायचं. उंदीर. सैल वायर. अर्धवट झोप. ती म्हणायची, "तुमच्यावर वेळ आली की कळेल." मी म्हणायचो, "माझ्यावर येऊच शकत नाही."

यात गर्व नव्हता, सवय होती. आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा लहानपणी पाढ्यांसारख्या पाठ केलेल्या. उतारे, अंगात येणं, दारावर लिंबू-मिरची... यातलं काही मी घरात पाहिलंच नाही. त्यात माझी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, मेंटेनन्सला. "सर, मशीन आपोआप चालू झालं" असा फोन आला की मी जातो, सेन्सरवरची धूळ पुसतो आणि परत येतो. आपोआप काही होत नसतं, या एका वाक्यावर माझा पगार चालतो.

तेव्हा आता जे सांगतोय ते या माणसानं सांगितलंय असं समजून वाचा.

आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला, सातारा परिसरात, एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. मी आणि प्रज्ञा, दोघंच. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी दोघंही बाहेर पडतो ते संध्याकाळीच परततो. समोरच्या दारात कुलकर्णी बाई राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही, एकट्या. सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं 'बाई'च म्हणायची. त्यांची मांजर पिठी. राखाडी अंगावर पांढरी भुकटी, नुकतीच गिरणीतून बाहेर आल्यासारखी. पिल्लू असताना बाईंना जिन्यात सापडली आणि घरात आल्यावर तिनं पुन्हा उंबरा ओलांडला नाही.

सुट्टीच्या दिवशी प्रज्ञा दुपारी बाईंकडं चहाला जायची. चहा झाला की बाई खुर्चीत बसून पिठीला खेळवायच्या. खेळणं म्हणजे परकराची जुनी नाडी. ती फरशीवरून हळूच ओढायची, मधेच थांबवायची, खुर्चीच्या पायाआड लपवायची, आणि मग नखानं टक-टक करायचं. त्या टक-टकीवर पिठी वेडी व्हायची. प्रज्ञा घरी येऊन मला हे सगळं करून दाखवायची.

मागच्या उन्हाळ्यात बाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्यांचा भाचा मुकुंद त्यांना पैठणला आपल्या घरी घेऊन गेला. मुकुंदच्या मुलीला दमा, त्यामुळं मांजर नेणं शक्य नव्हतं. जायच्या दिवशी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या बाईंनी प्रज्ञाचा हात धरला.

"हिला बाहेर सोडू नकोस, तिला बाहेरचं काही कळत नाही. आणि हे बघ, नुसतं खायला घालून भागत नाही गं. हिला खेळवावं लागतं."

"खेळवू की, बाई," प्रज्ञा म्हणाली.

अशी पिठी आमच्याकडं आली. आली म्हणजे काय... दिवाणाखाली गेली आणि तिथंच राहिली. संध्याकाळी थोडं खायची, पाणी प्यायची, परत आत. अंगावरची चमक गेली. स्वतःचंच पोट चाटून चाटून तिथले केस काढून टाकले. डॉक्टरांकडं नेली. त्यांनी तपासलं, म्हणाले, "आजार काही नाही. कंटाळलीय. घरातल्या मांजराला शिकार लागते हो, खोटी का होईना. तुम्ही दिवसभर बाहेर. काहीतरी हलणारं आणून द्या."

हलणारं म्हटल्यावर मी खूश झालो. हे माझं खातं. निराला बाजारच्या बाजूचं एक दुकान आणि बाकी ऑनलाईन... महिनाभरात आमचा हॉल खेळण्यांचं प्रदर्शन झाला. आपोआप फिरणारा, आत दिवा लुकलुकणारा बॉल. भिंतीवर लाल ठिपका नाचवणारं लेझरचं यंत्र. गोल रुळांवरून गोळ्या फिरणारा मनोरा. चार्जिंगवर चालणारा एक कापडी मासा, हात लागला की फडफडणारा. पिठीनं माशाला एकदा पंजा लावला, तो फडफडला, आणि ती जी फ्रिजवर चढली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरली नाही. बॉल सोफ्याखाली अडकून घरघरत बसायचा. लेझरकडं तिनं बघितलं आणि जांभई दिली.

सगळ्यात शेवटी आणली ती सगळ्यात साधी. एक लवचिक काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला पिसं आणि एक घुंगरू. ही माणसानं हातात धरून हलवायची. आम्ही संध्याकाळी हलवून बघायचो. पिठी दिवाणाखालून नुसती बघायची, पाहुण्यांनी पेटी वाजवावी आणि घरच्यांनी सोसावी तशी. शेवटी मी ती काठी सोफ्याच्या फटीत घट्ट खोचून ठेवली. पिसं फरशीवर लोळत राहिली, वाटलं तर खेळेल म्हणून. आणि दिवसभरात ती काही करते की नाही हे बघायला हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा लावला. समोर काही हललं की मोबाईलवर सूचना येते, उघडलं की चित्र आणि आवाज दोन्ही.

कॅमेरा लावल्यावर थोड्याच दिवसांत, दुपारच्या चहाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. मोबाईल थरथरला. उघडला तर पिठी हॉलच्या मधोमध! दबा धरून, मागचा भाग डोलवत... आणि झेप. मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्यांनाही दाखवलं. "बघा बघा, खेळायला लागली!"

शेजारचा म्हणाला, "पण काठी कोण हलवतंय?"

मी बघितलं. काठी सोफ्याच्या फटीतच होती, स्थिर. दोरी मात्र फरशीवरून सरकत होती. वाऱ्यावर उडते तशी नव्हे. थोडी सरकायची, थांबायची. पिठीनं मान वळवली की परत अर्धी वीत पुढं. मग सोफ्याच्या पायाआड पिसं गुडूप. पिठी पंजा घालते तर पिसं दुसऱ्या बाजूनं बाहेर. घुंगरू मधूनच किणकिणायचं. मांजर दोरी ओढतं आणि लवचिक काठी ती परत खेचते, हे मी तिथल्या तिथं सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं... ऐंशी टक्के.

उरलेल्या वीस टक्क्यांनी मला झोपू दिलं नाही. पंखा बंद असतो, बाल्कनीचं दार बंद, जाळी लावलेली. बाकीच्या सगळ्या खेळण्यांच्या बॅटऱ्या मी काढून टाकल्या. कॅमेऱ्याची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी काठी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दुपारी पिठी त्या कापडी माशाच्या चार्जिंगच्या केबलशी खेळत होती. मासा कोपऱ्यात मेल्यासारखा पडलेला आणि त्याची केबल फरशीवरून सापासारखी चाललेली. संध्याकाळी मी निमूटपणे काठी परत सोफ्याच्या फटीत खोचली. कारण दुसरं काही नाही — केबल चावून तिला काही झालं असतं तर?

हसू नका. घाबरायला हवं होतं ना? पण भीती अशी वाटलीच नाही. पिठी भरभर खायला लागली होती. पोटावर केस यायला लागले होते. संध्याकाळी आम्ही आलो की दारात येऊन बसायची. आजारी मूल बरं व्हायला लागलं की औषध कुठलं लागू पडलं हे कोण विचारत बसतं?

प्रज्ञानं एक दिवस अर्धी सुट्टी घेतली आणि घरीच बसली. संध्याकाळी मी आलो तर ती ओट्याशी पोळ्या करत होती, अगदी नेहमीसारखी.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"अहो, ती पिसांकडं बघतच नाही फारशी. ती वर बघते." प्रज्ञानं लाटणं हातात धरून उंची दाखवली. "एवढ्या उंचीवर. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी." मग लाटणं खाली ठेवून म्हणाली, "आणि टक-टक ऐकू आलं. नखाचं. बाई खेळवायच्या ना, अगदी तसंच."

कॅमेऱ्याच्या आवाजात ती टक-टक मीही ऐकली होती. घड्याळाची असेल असं मनाशी ठरवून टाकलं होतं. आमच्या हॉलमधलं घड्याळ डिजिटल आहे.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी सूचना आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतः कॅमेरा उघडून बघितला. पिसं निपचित, आणि पिठी त्यांच्यासमोर बसून वर बघतेय. चहाच्या वेळेपासून आम्ही घरी येईपर्यंत तशीच. तिनं खाणं सोडलं. चार-पाच दिवसांत तिच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. डॉक्टरांनी सलाईन दिलं. म्हणाले, "मांजर उपाशी राहिलं तर लिव्हर जातं. खाल्लं नाही तर अवघड आहे."

त्या रात्री प्रज्ञा म्हणाली, "बाई गेल्या असतील."

मी लगेच मुकुंदला फोन लावला. तो म्हणाला, "नाय नाय, आत्या आहे ना. मधे झटका येऊन गेला तिला. उजवं अंग गेलंय, बोलत नाय. नळीनं पाजावं लागतं. पण आहे."

फोन ठेवला. प्रज्ञा माझ्याकडं बघत राहिली. "जिवंत आहेत?"

"जिवंत आहेत."

"मग इथं कोण होतं इतके दिवस? जिवंत माणसाचं भूत असतं का हो?"

मी मुकुंदला परत फोन लावला आणि पत्ता लिहून घेतला.

रविवारी पैठणला गेलो. पिठीला नेण्यासारखी स्थिती नव्हती. तिला घरी ठेवलं, कॅमेरा चालू. पैठण रोडनं बिडकीनच्या पुढं जाईपर्यंत प्रज्ञा दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडून बघत होती. "बसलीय. तशीच बसलीय."

मुकुंदचं घर जुन्या गावात, दोन खोल्यांचं. मुकुंद रविवार असूनही कामावर गेला होता. दार वैशालीताईंनी उघडलं, त्याच्या बायकोनं. चेहरा ओढलेला, पदर खोचलेला, हात ओले. अशा घरात आजारी माणसाचं सगळं कोण करतं ते विचारायची गरज नव्हती.

बाई खाटेवर होत्या. मी ओळखलं नसतं. शाळेतल्या मुलांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई, आणि आता नजर कुठंच नव्हती. नाकात नळी. उजवा हात निर्जीव. आणि डावा हात मऊ ओढणीनं खाटेच्या कठड्याला बांधलेला.

प्रज्ञाची नजर तिथं गेली. वैशालीताईंच्या लक्षात आलं.

"मी बांधला," त्या म्हणाल्या. आवाजात ना लाज ना भांडण. "दुपारी चहाच्या वेळेला हात हलवायला लागायच्या. लई हलवायच्या. डॉक्टर म्हणले, नसांचं असतंय, त्यांच्या हातात नाही ते. गेल्या आठवड्यात हलवता हलवता नळीच उपसली. रक्त आलं. परत नळी घालायला किती त्रास झाला त्यांना... मी एकटी असते, ताई. काय करू? स्वयंपाक करू का हात धरून बसू?"

"गेल्या आठवड्यात?" मी विचारलं.

"व्हय. का?"

प्रज्ञा म्हणाली, "वैशालीताई, आम्ही बसलोय ना आता. आम्ही बघतो नळीकडं. थोडा वेळ सोडूया का?"

वैशालीताईंनी आमच्याकडं जरा विचित्र बघितलं, मग खांदे उडवले आणि गाठ सोडली. "बसा तुम्ही. चहा टाकते."

हात तसाच पडून राहिला. मनगटावर ओढणीचा फिकट वळ. आतून चहाचा वास यायला लागला. आम्ही दोघं स्टुलावर, नजर नळीवर.

मग बाईंचं बोट हललं.

आधी अंगठा आणि तर्जनी एकत्र आली, चिमटीत काही धरावं तशी. मग हात हळूच मागं गेला. थांबला. परत थोडा मागं. मग झटकन कठड्याच्या आड लपला. आणि लोखंडी कठड्यावर नखानं... टक-टक.

माझ्या खिशात मोबाईल थरथरला.

मी तो काढला. आमचा हॉल. पिठी उठून उभी राहिली होती. पिसं सोफ्याच्या पायाआड शिरत होती. बाईंचा हात कठड्याआडून बाहेर आला; क्षणभरानं पिसं पायाआडून बाहेर आली. तेवढा क्षण चित्र मोबाईलवर यायला लागतोच, मी कॅमेरा लावताना तपासलेलं होतं. हात थांबला. पिसं थांबली. हातानं हिसका दिला आणि पिठीनं झेप घेतली. अशक्तपणानं ती धड उडालीसुद्धा नाही, कुशीवर पडली आणि पिसं चारी पायांत धरून लोळली.

प्रज्ञा रडत होती. आवाज न करता. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. "बाई, बघा ना... पिठी..."

बाईंनी मोबाईलकडं बघितलंच नाही. त्याच हाताच्या पाठीनं त्यांनी तो बाजूला सारला, खेळात कुणी मधे आलं की आपण करतो तसा. आणि परत चिमूट धरली. त्या फरशीकडं बघत होत्या. त्यांना जे दिसायचं होतं ते तिथं दिसत होतं.

आता मी जे केलं ते सांगतो. मेंटेनन्सचा माणूस आहे; एक गोष्ट बंद करून दुसरी बंद होते का हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मी पुढं झालो आणि बाईंच्या हातावर माझा तळवा ठेवला. जोर नाही लावला. हात माझ्या हाताखाली थांबला. बारीक, गरम, चिमणी धरल्यासारखा. मोबाईलमध्ये पिसं थांबली. पिठीनं मान वर केली, त्या उंचीकडं, आणि बारीकसं म्यांव केलं.

तेव्हा बाईंनी माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत. आल्यापासून पहिल्यांदा. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच पोराला लागतं तसं बघणं ते... मी हात काढून घेतला.

वैशालीताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला, प्रज्ञाच्या शेजारी येऊन मोबाईलमध्ये बघितलं, मग बाईंच्या हाताकडं, मग परत मोबाईलमध्ये. ओरडल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आणि मी बांधून ठेवला होता हात."

"तुम्हाला काय माहीत, ताई," प्रज्ञा म्हणाली.

"मांजर खाईल का आता?"

घरी आलो तेव्हा ताटली चाटूनपुसून साफ होती.

त्यानंतर हात बांधला गेला नाही. दुपारी वैशालीताई काम बाजूला ठेवून बाईंजवळ बसायच्या, नळीवर नजर ठेवून. प्रज्ञाला मेसेज करायच्या, "चालू झालं का?" प्रज्ञा लॅबमधून उत्तर द्यायची, "झालं." कधी कधी मीच पाठवायचो. आमच्यात या विषयावर दुसरं बोलणं होत नव्हतं. मुकुंदला त्यांनी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या अपेक्षेप्रमाणं झाली नाही. दिवाळीत वैशालीताईंची मुलगी आजोळी गेली तेव्हा त्याच म्हणाल्या, "आणा की तिला. एकदा भेटू द्या." आम्ही पिठीला पिंजऱ्यात घालून पैठणला नेली. सबंध रस्ताभर ओरडली. तिथं पिंजरा उघडला तर ती भिंतीला चिकटून थेट कपाटामागं. प्रज्ञानं उचलून बाईंच्या पायाशी ठेवली, तर फिस्कारली. बाईंना तिनं ओळखलं नाही. नळीला, औषधाच्या वासाला घाबरली असेल. बाईंनीही तिच्याकडं बघितलं नाही. त्या दुपारी हातही हलला नाही. आम्ही सगळे अवघडून बसलो. परतताना प्रज्ञानं गाडीत पिंजरा मांडीवर धरून ठेवला. मला वाटलं, आपण आपल्या हातानं मोडलं सगळं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मोबाईल थरथरला. पिसं सोफ्याआड, पिठी दबा धरून. जणू मधे काही झालंच नव्हतं.

थंडी वाढली तशा बाई खालावत गेल्या. पिसं सावकाश हलायला लागली. मग खूपच सावकाश. मला काळजी होती की पिठी कंटाळेल. नाही कंटाळली. ती पण सावकाश झाली. झेप घेणं सोडलं, नुसता पंजा पुढं करायची आणि पिसांवर अलगद ठेवायची. शेवटच्या आठवड्यात तर इतकंच... पिसं थोडी सरकायची, पंजा थोडा सरकायचा.

एका सकाळी मुकुंदचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. आम्ही पैठणला जाऊन आलो. त्या दुपारी मोबाईल गप्प राहिला, आणि त्यानंतरही. पिठी काही दिवस त्या वेळेला पिसांसमोर येऊन बसायची. पण खाणं तिनं या वेळी सोडलं नाही. का, ते तिचं तिला माहीत.

तेराव्यानंतर वैशालीताई आमच्याकडं आल्या, बाईंच्या फ्लॅटमधलं सामान बघायला. प्रज्ञानं चहा केला. त्या हॉलमध्ये सोफ्यावर बसल्या, पिठी दिवाणावर. कप हातात घेऊन म्हणाल्या,

"दादा, एक विचारू? शेवटच्या आठवड्यात... चालू होतं ना? रोज?"

"होतं की. तुम्हाला मेसेज केले ना मी. हळू होतं, पण रोज होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "आत्यांच्या हातात तेव्हा जीवच नव्हता. अजिबात हलत नव्हता हात. चहाच्या वेळेला डोळे उघडायच्या, हाताकडं बघायच्या, आणि हात हलायचा नाही. मला बघवेना. म्हणून मी त्यांचा हात माझ्या हातात घ्यायचे आणि हलवायचे. त्या करायच्या तसंच. मागं घ्यायचं, थांबायचं, कठड्याआड न्यायचं. त्यांचं नखही मीच वाजवायचे. आठ दिवस मीच हलवत होते, दादा."

प्रज्ञा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"म्हणजे ते त्यांचं होतं का माझं?" त्या म्हणाल्या. "त्या गेल्यावर एकदा मी एकटीनं, आपली खाटेवर बसून, नुसता माझाच हात तसा हलवून बघितला. वेड्यासारखा. त्या दिवशी तुमच्याकडं काही झालं का?"

मी मोबाईल काढून मागचं सगळं बघितलं, कारण मला खोटं सांगायचं नव्हतं. "नाही. काही नाही झालं."

"बरं." त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखी होती की हिरमुसल्यासारखी, मला कळलं नाही. मग त्यांनी सोफ्याच्या फटीतली काठी उपसली, उलटसुलट करून बघितली आणि काठी बाजूला ठेवून नुसती दोरी चिमटीत धरली. फरशीवरून हळूच ओढली. थांबवली. पिठीचे कान उभे राहिले.

आमच्या हातून कधी न खेळलेली ती मांजर दिवाणावरून उतरली, दबा धरला, आणि वैशालीताईंच्या पायाशी येऊन पिसांवर पडली.

"हिला माझा हात ओळखू येतो का हो, दादा?" त्यांनी विचारलं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मी म्हणालो, "माहीत नाही."

इथं ज्यांना कारण हवं असेल त्यांनाही माझं तेवढंच उत्तर आहे. व्हिडिओ टाका म्हणाल, तर काही तुकडे आहेत माझ्याकडं, टाकणार नाही. कंपनीतल्या एकाला दाखवले तर तो म्हणाला, पारदर्शक धागा बांधला असशील. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी अजूनही लिंबू-मिरची मानत नाही. अजूनही सेन्सरच पुसतो. पण तुमचे अनुभव वाचून झाल्यावर प्रज्ञाला कारणं सांगणं मी बंद केलंय. आणि वैशालीताई महिन्यातून एकदा, मुलीची शाळा सांभाळून, पैठणहून सकाळच्या एसटीनं येतात, दुपारी पिठीला खेळवतात, आणि घरी जायच्या आधी कपड्यांवरचे तिचे केस वेचून काढतात... मुलीला दमा आहे म्हणून.